आईला समुद्र दाखवायचाय, खरं एका रविवारात

पत्र:

मावशी, नमस्कार. मी बेळगावजवळच्या उचगावचा, वय २६. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे, सुट्टी फक्त रविवारची. आम्ही पाच मित्र बाईकवरून कोकणात, वेंगुर्ल्याकडच्या किल्ले निवतीला जायचं म्हणतोय, पहाटे जाऊन रात्री परत. फोटो बघितल्यापासून डोक्यातून जात नाही. समुद्रात घुसलेला डोंगर, खाली पिवळे खडक, आणि आसपास दुकान नाही काही नाही. घरात विषय निघाला तशी आई म्हणाली, ‘मला पण ने की.’ आई ५८ वर्षांची. तिनं अजून समुद्र बघितलेला नाही. गोव्याला नेतो म्हटलं तर म्हणते, ‘ती जत्रा नको मला.’ तिचे गुडघे दुखतात. मित्र म्हणतात म्हातारीला घेऊन कुठं जायचं, तिला पुढच्या वर्षी ने. मामा म्हणतो एका दिवसात होतच नाही, मुक्काम कर. खरं मला रजा मिळत नाही. काय करू?
– उचगावचा एक वाचक

उत्तर:

आधी तुझ्या मित्रांना सांग, अठ्ठावन्नला म्हातारी म्हणत नाहीत. मी स्वतः बासष्टची आहे आणि हे उत्तर कपिलेश्वराच्या पायऱ्या चढउतार करून आल्यावर लिहायला बसलेय.

आईला ने. तिनं तोंड उघडून काही मागितलं असं किती वेळा झालंय, ते तूच आठव. सुगीत कमरेत वाकून भात कापणारी बाई ‘मला पण ने की’ म्हणते, तिला ‘पुढच्या वर्षी’ सांगायचं? ते पुढचं वर्ष आपल्याकडं बघता बघता दहा वर्षांवर जातं, हे मी घराघरांत बघितलंय. खरं बाईकवरून नाही. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास होतात, मधे आंबोलीचा घाट दोनदा. दुखऱ्या गुडघ्यांना मागच्या सीटवर एवढा वेळ दुमडून बसवलंस तर तिथं पोचल्यावर तिला खाली उतरवायला दोघे लागतील.

पाचजणांनी मिळून एक गाडी भाड्यानं घ्या. पिवळ्या पाटीची घ्या आणि महाराष्ट्राचं परमिट काढलंय का ते आदल्या दिवशीच मालकाला विचारा. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेलचे पैसे द्या फक्त’ म्हणून मिळते, ती नको. काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न भाड्याचाच काढतो. पुढची सीट आईची, हे घरातून निघतानाच ठरवून टाक, नाहीतर तुमच्यातला सगळ्यात उंच गडी ‘पाय मावत नाहीत’ म्हणून तिथं बसेल. घाट उतरताना तिला गाडी लागायची शक्यता दाट. पहाटे पोटभर खाऊ घालू नकोस. पुढं बसून रस्त्याकडं बघत राहिलं की त्रास कमी होतो. आवळासुपारी जवळ ठेव, पिशवी पण ठेव, लाजू नकोस.

मामाचं म्हणणं अर्धं खरं आहे. एका दिवसात होतं, फक्त दिवस आपल्या सोयीनं ठरवायचा नाही. रविवार तुझा, खरं वेळ समुद्राची. एवढं जमवलंस तर मुक्कामाची गरज नाही, आणि नाही जमवलंस तर मुक्काम करूनही खडक दिसायचे नाहीत. आमची फजिती ऐक.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही घरची अकराजणं ट्रॅक्समधून असेच निघालो होतो. दिरांनी मुद्दाम पौर्णिमेचा रविवार धरला, येताना चांदणं मिळेल म्हणून. सकाळी निवांत उठून, पुरीभाजी करून, साडेअकराला समुद्राच्या कडेला टेकलो. बघतो तर ज्या खडकांसाठी गेलो ते पाण्याखाली! लाटा थेट डोंगराच्या पायाला धडकत होत्या. पुतण्या एका उंचवट्यावर फोटोसाठी चढला आणि मागची वाट भरली. पोरगं दोन-अडीच तास त्या खडकावर उन्हात बसलं, आम्ही अलीकडे. जाऊबाई रडून थकल्या. शेवटी टोपलीत कालवं घेऊन घराकडं चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, ‘पुनवेला दुपारी येऊन काय बघणार तुम्ही? पाणी उतरेल, तोवर त्याला हलू देऊ नका.’ आणि तिनं जो हिशेब सांगितला तो मी तेव्हापासून विसरलेले नाही.

हिशेब असा. तिथीची पाऊणपट कर, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण दिवस निवडायला एवढं बास. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. आपल्याकडं ती संकष्टी आणि एकादशी बघायला टांगलेली असते, यावेळी भरतीसाठी बघ.

आता तुझा रविवार मांड. तू तिथं पोचणार दहाच्या आसपास आणि निघणार तीनला. पौर्णिमा-अमावास्या असेल तर ऐन सव्वाअकराला भरती, म्हणजे आमच्यासारखी गत. संकष्टीला ओहोटी सकाळी नऊलाच होऊन जाते, तू पोचल्यापासून पाणी चढतच असतं आणि चढत्या पाण्यात खडकावर रेंगाळणं वाईट. अष्टमीला सकाळी सहाला भरती, सव्वाबाराला ओहोटी. दशमीला साडेसातला भरती, पावणेदोनला ओहोटी. म्हणजे अष्टमी, नवमी किंवा दशमीचा रविवार शोध. पाणी उतरत असताना जायचं, पूर्ण उतरल्यावर थोडा वेळ बसायचं आणि फिरायचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं खूप खाली जात नाही, पण फार वरही चढत नाही. उधाणाला खडक जास्त उघडे पडतात, पण ते पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. त्या वेळेला तुम्ही एकतर उचगावात अंथरुणात नाहीतर घाटात. एकादशीही वेळेच्या हिशेबानं चालते, पण आई उपास करत असेल तर येताना वेंगुर्ल्यात मासे खायचे राहतात, हे आपलं माझं मत.

महिना: सुगी उरकू दे. भात मळून घरात आलं, मसूर पेरून झाली की आईचं चित्त शेतात अडकत नाही. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी सगळ्यात चांगले. तेव्हा सकाळी जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा वाहतो, हवा गार असते, पाणी शांत. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. फेब्रुवारी सरता सरता तो जोर धरतो, शिमग्यानंतर ऊन सोसवत नाही. जून ते सप्टेंबर नावच काढायचं नाही. १ जून ते ३१ जुलै तर कोळ्यांनाही मासेमारीला बंदी असते. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे ते घरी बसतात, आणि आपल्याकडची पोरं रीलसाठी खडकावर उभी! १ नोव्हेंबरचा काळा दिवस टाळायचा, ते तुला सांगायला नको. आणि सीमाप्रश्न तापलेला असेल त्या आठवड्यात बेत पुढं ढकल. दोन्हीकडच्या बसेस थांबतात, गाडीची पाटी बघून अडवाअडवी होते. आपल्याला हे पावसासारखं धरूनच चालावं लागतं.

रस्ता तुझ्या दारातलाच आहे. हिंडलग्याकडून जाणाऱ्या त्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोड म्हणतो, खरं त्याच्या टोकाला असलेलं वेंगुर्ला आपल्यातल्या कितीजणांनी बघितलंय? इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल याच वाटेनं घाट चढून बेळगावच्या छावणीला यायचा आणि आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्कामाचा टप्पा होता. आईला हे सांग. तिच्या रोजच्या रस्त्याचं दुसरं टोक बघायला ती निघालीय. बाची, शिनोळी, पाटणे फाटा, मग चंदगडकडून आंबोली, आणि घाट उतरून सावंतवाडी. पाचला निघालात तर आठपर्यंत सावंतवाडीत असाल. तिथं चहा, नाश्ता आणि मुख्य म्हणजे आईसाठी संडासाची सोय. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पुढं डोंगरावर काही नाही. तुम्ही पोरं कुठंही उभे राहता, बाईमाणूस दिवसभर पाणीच पीत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसते. थांबायची जागा आधी ठरवून ठेव आणि तिला तसं सांगून टाक, म्हणजे ती पाणी पिईल.

सावंतवाडीहून वेंगुर्ला-म्हापणच्या बाजूनं किंवा कुडाळ-परुळ्याच्या बाजूनं, कसंही जाता येतं. विचारताना नुसतं ‘निवती’ म्हणू नकोस, ‘किल्ले निवती’ म्हण, नाहीतर भलत्याच वाडीत जाशील.

किल्ला फार मोठा नाही. सिंधुदुर्गानंतर शिवाजी महाराजांनी बांधला असं सांगतात. पुढं वाडीकर सावंत, मधे पोर्तुगीज आणि १८१९ मध्ये इंग्रज. जांभ्याचे बुरूज झाडीत बुजलेत. बघायचं ते पलीकडं. एका बाजूला भोगव्याचा लांबच लांब किनारा, समोर पाण्यात दूरवर काळ्या खडकांचा पुंजका. ते वेंगुर्ला रॉक्स. तिथं दीपगृह आहे आणि गुहांत पाकोळ्यांची वस्ती. डोंगराखाली ते पिवळे खडक, ऊन पडलं की हळदीच्या गाठ्यासारखे दिसतात. आईला या वरच्या जागेवर बसव. तिचा समुद्र तिथंच. गुडघ्यांना चढण सोसते, उतरण सोसत नाही, म्हणून खाली खडकांपर्यंत तिला ओढून नेऊ नकोस. त्यापेक्षा परतताना भोगव्याच्या वाळूत तिला पाय भिजवू दे. घरातून वेळूची काठी घे. हवाई चप्पल नको, मागं पट्टा असलेलं काहीतरी पायात असू दे.

कड्याच्या टोकाला उभं राहायचं नाही, पाचांपैकी कुणीच. आपल्याकडं चिऱ्याची घरं आहेत म्हणून जांभा म्हटलं की आपल्याला भरवसा वाटतो. वरून तो टणक असतोही. पण समुद्राकडच्या कड्याला खालून लाटा आणि वरून पाऊस पोखरत असतो. टोक पुढं आलेलं दिसतं, त्याखाली काय आहे ते वरून कळत नाही. दोन माणसांची उंची मोजून तेवढं मागं थांबायचं.

खाली जाल तेव्हा खडक नीट बघा, पाणी कुठवर येतं ते त्याच्यावरच दिसतं. सगळ्यात वर कोरडा, खरबरीत दगड. त्याखाली पांढुरका पट्टा, तिथं कालवं चिकटलेली असतात, तोंडं सुरीसारखी. त्याच्याखाली हिरवट-काळं शेवाळ. कालवांच्या पट्ट्यापर्यंत पाणी नेमानं येतं. त्याच्या वर राहायचं. शेवाळावर पाय पडला की माणूस सरकतो आणि सरकताना हात टेकतो तो नेमका कालवांवर. माझ्या तळहातावर अजून पांढरी रेघ आहे. आणि गेल्या गेल्या उतरू नका. पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा. दहा लाटा खालीच फुटतात आणि अकरावी वर येते, तिनं भिजवलेला दगड कुठवर आहे ते बघा. त्या ओल्या रेषेच्या आत बसून फोटो नाही. पाठ समुद्राकडं करून तर नाहीच.

बाटलीचं स्पष्ट बोलते. पाच पोरं आणि रविवार म्हटल्यावर कुणाच्या तरी बॅगेत असणार. आईसमोर तुम्ही पिणार नाही, डोंगराआड जाऊन पिणार, आणि डोंगराआडच समुद्र आहे. नको. मोबाईलची रेंज तिथं जाते-येते. वर चढण्यापूर्वी घरी फोन करून ठेवा आणि ११२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो हे लक्षात असू दे. खाली खेळणाऱ्यांत एकजण कायम वर, आईजवळ. पाळी लावा. तुझी पहिली.

जेवण घरचंच ने. तांदळाची भाकरी, खर्डा, शेंगांची चटणी, दही डब्यात. आई ते करणारच, तिला नको म्हणू नकोस. प्लास्टिक परत आणा. तिथं उचलायला कुणी येत नाही.

तीनला निघायचं म्हणजे तीनलाच. सूर्यास्ताचा मोह होईल, तिथला सूर्यास्त देखणा असतो, मी नाकारत नाही. पण डिसेंबरात सहा-सव्वासहाला दिवस मावळतो आणि तुला उजेडात आंबोली चढून वर यायचंय. रात्री चंदगडच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. काळ्या डांबरावर काळा गवा उभा असला तर ड्रायव्हरला त्याचे पांढरे पायच तेवढे दिसतात, तेही जवळ गेल्यावर. ड्रायव्हर पहाटे पाचपासून जागा आहे हे विसरू नका, दुपारी त्याला तासभर झोपू द्या. सूर्य आंबोलीच्या वरून मावळताना बघा, आईला तेवढाच.

गोव्याच्या बाजूनं काही मित्र काब-द-रामचं नाव काढतील. जागा अशीच, समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्यावर किल्ला. वनवासात राम-सीता तिथं राहिले अशी कथा आहे, आईला ती आवडेलही. १९५५ पर्यंत पोर्तुगिजांचा तुरुंग तिथं होता. पण अनमोडच्या घाटातली ट्रकांची रांग आणि पुढं काणकोणपर्यंतचं अंतर धरलं तर एका दिवसात आईला झेपणार नाही. ते तुम्ही पाचजण बाईकवरून करा, दुसऱ्या एखाद्या रविवारी. बाईकची हौस तिथं फेडा. आणि निवतीला गेल्यावर वारा किंवा पाणी वेडंवाकडं दिसलं तर खडकांचा हट्ट सोडून सरळ वेंगुर्ल्याच्या बंदरावर जा. तिथंही समुद्रच आहे, आणि आईला दोन्हीत फरक करता येणार नाही, अजून तरी.

एक राहिलं. माझ्या आईनं समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा ती साठीची होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं, थुंकलं, आणि म्हणाली, ‘एवढं मीठ, आणि आपण विकत आणतोय.’ मग तिनं बाटली भरून घेतली, शेजारणींना दाखवायला. तुझी आईही घेईल. बूच घट्ट बसणारी बाटली घरूनच ने. आमची घाटात सांडली आणि ट्रॅक्सवाला बेळगाव येईपर्यंत पत्रा गंजेल म्हणून बोलत होता.